उजवा कौल

“आणि तो माणूस चांगला असेल तर?”

केवळगिरीबुवा झोपडीच्या ओसरीवर बसून फणसाच्या आठळ्या सोलत होते.

“बुवा, मी काय विचारतोय? सगळा अधिकार ज्याच्या हाती जायचा, तो माणूसच चांगला असेल तर भ्यायचं कशाला?”

“तो माणूस कोण?”

रघुवीर हसला. कोण ते दोघांनाही ठाऊक होतं.

रघुवीर तायशेटे म्हणजे करंजगड संस्थानातला सगळ्यात हुशार वकील. सारं संस्थान तसं मानत होतं, आणि संस्थानाच्या कितीतरी आधीपासून रघुवीर स्वतः मानत होता. लहानपणी त्यानं याच ओसरीवर, याच बुवांच्या हाताखाली धुळीत अक्षरं गिरवली होती. बुवा जातीचे गोसावी. कधीतरी घाटावरून उतरले, पाणखोलच्या देवराईच्या तोंडाशी झोपडी बांधली आणि राहिले ते राहिलेच.

इंग्रज जायच्या बेतात होते. लोकांनी मोर्चे काढले, लाठ्या खाल्ल्या, तेव्हा कुठे म्हातारे राजेसाहेब नमले. संस्थानाला राज्यघटना द्यायचं त्यांनी कबूल केलं. त्यासाठी रघुवीर तुरुंगातही जाऊन आला होता, हे त्याच्या वैऱ्यांनाही नाकारता येत नसे.

घटना लिहिली त्यानंच. कायदे करील ते लोकांनी निवडलेलं मंडळ. कारभार हाकील तो मुख्य प्रधान. आणि या दोघांपैकी कुणी चुकलं तर जाब विचारील ते न्यायालय. कुणी कुणाच्या ताटात हात घालायचा नाही.

इथवर सगळं उत्तम होतं. अडलं होतं ते चाळीसाव्या कलमाशी.

संकटाच्या काळात हे तिन्ही अधिकार मुख्य प्रधानानं एकट्यानं वापरावेत, असं ते कलम म्हणत होतं. आणि संकट आलं की नाही, हेही त्यानंच ठरवायचं होतं.

राजेसाहेबांनी साफ सांगितलं होतं, “कलम राहिलं तर पहिला प्रधान मी नेमीन आणि तुलाच नेमीन. कलम काढलंस तरी सही देईन. पण मग प्रधान कोण ते मंडळाला ठरवू दे.”

आणि मंडळात रघुवीरला कोण निवडणार? ज्याच्या त्याच्या चुका चारचौघांत काढायची त्याला खोड. त्याच्या हुशारीपुढे सगळे मान तुकवत, पण मत द्यायची वेळ आली तर तीच माणसं दुसरीकडे बघतील, हे त्याला पुरतं ठाऊक होतं.

उद्या दरबार होता. उद्या सही होती.

“आशीर्वाद द्या, बुवा,” तो म्हणाला.

“कुणाला? तुला, की कलमाला?”

“दोन्ही एकच की.”

बुवांच्या हातातली आठळी तशीच राहिली.

“तेच तर...” ते म्हणाले.

तेवढ्यात राईतून घंटा वाजली. बुवा गुडघ्यांवर हात टेकून उठले.

“चल. गाव कौल लावतोय.”

“मी कौल बघायला आलो नाही, बुवा.”

“माहीत आहे. चल.”

*

पाणखोलची राई जुनी होती. किती जुनी ते गावाला माहीत नव्हतं आणि विचारायची कुणाची छाती नव्हती. आत ऊन पोचत नसे. पाठीमागे राई एकदम संपायची, तिथे कडा होता, आणि कड्याखाली नदी. बारा वाजून गेले की राईत पाऊल टाकायचं नाही, असा गावचा दंडक होता.

मधोमध एक उभा पाषाण होता. त्याला तोंड नव्हतं, हात नव्हते, नावही नव्हतं. गाव त्याला नुसतं ‘म्हाराजा’ म्हणे. वर चांदीचं छोटं छत्र टांगलेलं होतं.

रघुवीर ताडताड चालत पाषाणापाशी गेला.

“नाय!”

भिवा गुरव आडवा आला होता. सुकलेल्या अंगाचा, कमरेला पंचा, हातात तगरीच्या फुलांची परडी.

“नाय, वकीलसायब. वहाणा भायर.”

सगळा गाव बघत होता. रघुवीरच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. दरबारातसुद्धा त्याला अलीकडे ‘नाही’ असं कुणी म्हटलं नव्हतं. तो मुकाट्यानं मागे गेला, वहाणा काढल्या, पण ते ‘नाय’ त्याच्या मनात काट्यासारखं राहिलं.

मग कौल सुरू झाला.

पूल बांधायला राईतलं एक फणसाचं झाड तोडायचं होतं. देवाची परवानगी हवी होती.

भिवानं तोंडावर फडकं बांधलं. ओल्या बोटांनी पाषाणाच्या उजव्या अंगाला एक पाकळी चिकटवली, डाव्या अंगाला एक, आणि बाजूला झाला. त्यानं नुसत्या पाकळ्या लावायच्या. विचारायचं काही नाही.

विचारणार सोनू घाडी. पण तो देवाकडे पाठ करून उभा राहिला. त्याला पाषाण दिसायचा नाही, अशीच रीत होती.

“बा देवा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” गाव ओरडला.

“तुझी लेकरां आज तुझ्या पायाकडे उभी रवली हत. पुलासाठी पणसाचा झाड तोडूचा म्हणतत. तुझ्या मनात आसात तर उजवो दी, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

आणि बघणारा तिसराच. मानकरी बाबल गावडे. त्यानं पाकळीला हात लावायचा नाही, देवाला प्रश्न करायचा नाही. पाषाणासमोर उभं राहून कुठली पाकळी पडली तेवढं मोठ्यानं सांगायचं.

पूल खरं तर बाबलच्याच वाडीला हवा होता. पावसात नदी फुगली की त्याची वाडी जगापासून तुटत असे. तो डोळे ताणून उजव्या पाकळीकडे बघत होता. नजरेनं पाकळी पडत असती तर ती केव्हाच पडली असती.

वारा नव्हता. गाव श्वास धरून उभा होता.

डावी पाकळी सुटली आणि खाली आली.

बाबलचं तोंड कडू झालं. पण तो मान वर करून सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला, “डावो!”

संपलं. झाड राहिलं. पुलाचं लाकूड दुसरीकडून आणायचं ठरलं, आणि बाबल सगळ्यात पुढे होऊन त्याच्याच खटपटीला लागला.

रघुवीरला हसू आवरेना.

“एका पाकळीला तीन माणसं, बुवा! तीन तिघाडा, काम बिघाडा. एकटा शहाणा माणूस हे पळभरात करील.”

“असेल...” बुवा म्हणाले.

“तिघं कशासाठी लागतात?”

“त्यांना विचार.”

भिवा फडकं सोडून तोंड पुसत होता. रघुवीरनं त्याला गाठलं.

“काय रे, पाकळी लावणारा तूच, तर प्रश्नही तूच का नाही विचारत?”

भिवानं डोकं खाजवलं. “ता काय माका म्हायत नाय, सायब. आज्यान असाच केल्यान, बापाशीन असाच केल्यान. मी पण करतंय.”

“कधी बदलावंसं वाटलं नाही?”

“वाटला आसतला एखाद्याक,” भिवा म्हणाला आणि त्याची नजर राईच्या पाठीमागे, कड्याच्या दिशेनं, उगाचच जाऊन आली. “मी जातंय. बारा वाजतीत.”

*

गाव पांगला. ऊन माथ्यावर आलं. बुवा राईच्या तोंडाशी एका मुळावर बसले.

“रघू, तू चांगला माणूस आहेस?”

“तुम्हीच सांगा.”

“मी तुला विचारतोय.”

रघुवीरनं क्षणभर विचार केला. लाच घेतली नव्हती. गरिबाचे खटले फुकट चालवले होते. तुरुंगात कुणाचं नाव फोडलं नव्हतं.

“आहे,” तो म्हणाला.

“मग जा. भिवाची परडी तिथेच राहिली आहे. तिघांचं काम तू एकट्यानं कर. कलमाचं देवालाच विचार.”

रघुवीर चपापला. “आत्ता? बाराच्या पुढे? कुणी अडवलं तर?”

“अडवणारे तिघं जेवायला गेलेत,” बुवा म्हणाले.

तो गेला. वहाणा काढायला मात्र विसरला नाही.

राई तीच होती, पण माणसं गेल्यावर ती मोठी वाटत होती. सकाळभर किरकिरणारे रातकिडे गप्प होते. पानसुद्धा हलत नव्हतं. पाषाण सकाळी जसा उभा होता तसाच उभा होता, तरी आपण आल्याचं त्याला कळलंय, असं रघुवीरला वाटून गेलं. त्यानं तो विचार झटकला. वकिलानं असले विचार करू नयेत.

पाषाणाशेजारच्या दगडी दोणीतल्या पाण्यात त्यानं हात बुडवले. तगरीचं एक फूल कुस्करलं. उजवीकडे एक पाकळी लावली, डावीकडे एक. मग पाठ केली, घसा खाकरला, आणि कोर्टात काढायचा तो आवाज काढून म्हणाला,

“देवा महाराजा, चाळीसावं कलम ठेवायचं असेल तर उजवा दे.”

काही वेळ गेला...

“व्हय म्हाराजा.”

आवाज झाडांतून आला. हळू. एकाच माणसाचा.

रघुवीर गर्रकन वळला. कुणी नव्हतं. गावातलं कुणीतरी झाडामागं लपून थट्टा करतंय, असं त्यानं स्वतःला सांगितलं.

उजवी पाकळी खाली पडलेली होती.

बोलाफुलाला गाठ पडली, असं तो मनात म्हणाला. पण आनंद व्हायचा तो झालाच. छाती भरून आली. देवानं कौल दिला होता. आता बुवा काय बोलतील ते बघू.

पडलेली पाकळी पुन्हा लावावी म्हणून तो वाकला आणि थांबला. पाषाणाच्या उजव्या अंगाला पाकळी होतीच. ओली, ताजी.

मघाशी आपण दोन लावल्या असतील, असं त्यानं ठरवून टाकलं.

“देवा, पहिला प्रधान मीच व्हायला हवा ना?”

“व्हय म्हाराजा.”

पाकळी पडली. या वेळी तो पाठ करून उभाही राहिला नव्हता. विचारणारा तोच, बघणारा तोच. काम खरंच भराभर होत होतं.

उजव्या अंगाला पुन्हा पाकळी होती.

माणसाच्या मनात काय साचलेलं असतं ते त्याचं त्यालाच ठाऊक नसतं. रघुवीरच्या तोंडून पुढचा प्रश्न आला तो असा.

“भिवा गुरव उर्मट आहे ना?”

“व्हय म्हाराजा.”

त्याला हसू आलं. जरा बरंही वाटलं, हे लपवायचं कशाला?

“त्याला इथून काढून टाकावं?”

“व्हय म्हाराजा.”

“भिवानं देवाचं चांदीचं छत्र चोरलंय?”

हे त्यानं थट्टेनं विचारलं. छत्र त्याच्या डोळ्यांसमोर टांगलेलं होतं.

“व्हय म्हाराजा.”

पाकळी खाली आली.

रघुवीरचं हसू मावळलं. त्यानं छत्राकडे पाहिलं. पडलेल्या पाकळीकडे पाहिलं. असले साक्षीदार त्यानं खूप पाहिले होते. वकिलानं जे विचारावं त्याला मान डोलावणारे. अशा साक्षीदाराच्या शब्दावर एक मांजरसुद्धा दोषी ठरवू नये, असं तो कोर्टात म्हणायचा.

इथेच थांबायला हवं होतं. पाय वळायला हवे होते. पण पुढचे शब्द जिभेवर येऊन बसले होते, आणि जीभ त्याचं ऐकेना.

“त्याला... फाशी द्यावी?”

राई क्षणभर निपचित राहिली.

“व्हय म्हाराजा.”

आता त्याला तो आवाज ओळखू आला. थट्टा करणाऱ्या गावकऱ्याचा नव्हता तो. तो आवाज त्याचा स्वतःचा होता. फक्त म्हातारा होता, थकलेला होता, आणि कितीतरी वर्षं दुसरं काहीच बोलला नसावा असा होता.



वकील होता तो. घाबरला तरी उलटतपासणी सुटेना. त्यानं विचारलं,

“चाळीसावं कलम काढून टाकू?”

“व्हय म्हाराजा.”

“मघाशी ठेव म्हणालास!”

“व्हय म्हाराजा.”

“मी... मी जिवंत आहे ना?”

“व्हय म्हाराजा.”

उजवी पाकळी पडली. त्यानं सुटकेचा श्वास टाकला. पण या देवाच्या ‘होय’ला आता काय किंमत होती? ते पडताळून बघायला एकच प्रश्न उरला होता. तो विचारू नये, एवढं त्याला कळत होतं. विचारला नाही तरी तो डोक्यात गप्प बसणार नव्हता.

“मी मेलोय का?”

“व्हय म्हाराजा.”

पाकळी पडली.

त्यानं डाव्या पाकळीवर झडप घातली. ती तरी पडू दे! एकदा तरी पडू दे! नखानं खरवडली, बोटांनी ओढली. पाकळी निघेना. ती चिकटलेली राहिली नव्हती. ती दगडाची झाली होती.

आणि उजवीकडून, तो काही विचारत नसताना, पाकळ्या पडत होत्या. एक पडली की दुसरी. पावलांशी त्यांचा पांढरा थर साचत चालला होता.

रघुवीर पळत सुटला.

वाट सापडेना. ज्या वाटेनं तो लहानपणापासून येत आला होता ती वाट. प्रत्येक झाड मघाचंच वाटत होतं.

“अरे, कुणी आहे का?”

“व्हय म्हाराजा.”

“कोण आहे?”

“व्हय म्हाराजा.”

“वाट इकडे आहे ना?”

“व्हय म्हाराजा.”

“की इकडे?”

“व्हय म्हाराजा.”

त्याला रडू फुटलं. एवढा मोठा माणूस, पण आईला हाक मारावी असं त्याला वाटत होतं, आणि ती हाक मारायचीही भीती वाटत होती. तीही ‘व्हय म्हाराजा’ म्हणाली तर?

पुढे उजेड दिसला. झाडं विरळ होत होती. राई संपत होती. तो उजेडाकडे धावला.

“इथून बाहेर पडेन ना मी?”

“व्हय म्हाराजा,” आवाज म्हणाला, आणि या वेळी तो अगदी मायेनं म्हणाला.

“नाय!”

रघुवीर जागच्या जागी थिजला.

“नाय, वकीलसायब! नाय! थंय नाय!”

हा आवाज दुसरा होता. चिडलेला, खरखरीत, तोंडात घास असल्यासारखा. रघुवीरनं खाली पाहिलं. त्याच्या पायाच्या अंगठ्यापुढे जमीन नव्हती. खूप खाली नदी चमकत होती.

तो वळला, आणि उजेडाकडे पाठ करून, राईच्या काळोखातून, त्या आवाजाच्या रोखानं चालू लागला.

“नाय, हयसून नाय! डावीकडसून येवा! नाय ओ, डावीकडसून!”

प्रत्येक ‘नाय’सरशी त्याला एकेक पाऊल सापडत होतं.

*

भिवा गुरव राईच्या बाहेर उभा होता. आत त्यानं पाय टाकला नव्हता. उजव्या हाताला आमटीभात लागलेला तसाच होता.

“परडी रवली ती आठावली, म्हणान इलंय. तर तुमची हाक कड्याकडसून ऐकाक इली,” तो म्हणाला. “शिकलेली माणसां तुमी! बारा वाजान गेले, आणि राईत?”

रघुवीरनं त्याचा तो खरकटा हात दोन्ही हातांनी धरला.

“पुन्हा म्हण.”

“काय म्हणू?”

“नाही म्हण. एकदाच.”

भिवानं त्याच्याकडे नीट पाहिलं. वकिलाला नक्की बाधा झाली होती.

“नाय म्हणूचंय नाय मी,” तो हात सोडवून घेत म्हणाला. “गप घराक जावा.”

त्या माणसाला आपण आत फासावर चढवून आलो होतो, हे रघुवीरला आठवलं. त्याला भिवाच्या तोंडाकडे बघवेना. भिवा मात्र जेवण निवेल म्हणून घाईघाईनं निघून गेला.

*

बुवांनी आठळ्या उकडून ठेवल्या होत्या.

“काय म्हणाला देव?”

“होय म्हणाला.”

“कशाला?”

“सगळ्याला.”

बुवांनी पुढे आठळ्या सारल्या. “खा.”

रघुवीरनं खाल्लं नाही. त्यानं पिशवीतून घटनेचा मसुदा काढला, चाळीसाव्या कलमाचं पान उघडलं, आणि लेखणीनं त्या कलमावर काट मारली. मग वाचता येऊ नये म्हणून पुन्हा मारली. त्या काटेखाली त्याचं प्रधानपदही गेलं होतं. उद्या दरबारात दुसऱ्याच कुणासाठी तरी वाट मोकळी होणार होती, कदाचित आपल्याहून कमी शिकलेल्या, कमी हुशार माणसासाठी. त्याला वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं. आणि त्याच वेळी छातीवरचा धोंडा उतरल्यासारखंही झालं.

रघुवीरचा श्वास ठिकाणावर आला. त्यानं एक आठळी तोंडात टाकली. मग दुसरी. हळूहळू त्याची पाठ ताठ झाली. हातातोंडाशी आलेलं राज्य असं किती जणांनी सोडलं असेल? राजेसाहेबही उद्या चकित होतील. लोक बोलतील...

त्यानं पुढे होऊन बुवांच्या पायांवर डोकं ठेवलं.

“सगळं सोडलं मी, बुवा. आता तरी आशीर्वाद द्या. आता तरी मी चांगला माणूस झालो ना?”

राईकडून, फार लांबून, वाऱ्यावर यावं तसं आलं,

“व्हय म्हाराजा...”

वारा नव्हता.

रघुवीरनं डोकं वर उचललं नाही.

बुवांनी आपला उजवा हात राईच्या बाजूच्या त्याच्या कानावर दाबून धरला. मग खाली वाकून, दुसऱ्या कानाशी तोंड नेऊन, ते अगदी हळू म्हणाले,

“नाही.”